गुहा नसलेल्या प्रदेशातला आदिमानव

१

काही वर्षांपूर्वी पदवी वर्गाच्या विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही जिंतूरजवळच्या नेमगिरीच्या डोंगरावर गेलो होतो. परभणी जिल्ह्यातील जुन्या वास्तूंचा परिचय व्हावा एवढाच हेतू होता. चारठाण्याची मंदिरे आदल्या प्रहरी पाहून झाली होती. नेमगिरीच्या जैन लेण्यांत वाकून शिरावे लागते. आत गारवा, अर्धवट अंधार आणि तीर्थंकरांच्या मूर्ती. बाहेर उजेडात आल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, "मूर्ती नंतरच्या असतील, पण त्याच्याही आधी ह्या गुहांत आदिमानव राहत असेल ना?" आम्ही शिक्षकी सवयीने तत्काळ दुरुस्ती केली: निसर्गाने केलेली पोकळी ती गुहा, माणसाने कोरून काढलेले ते लेणे. तिने ते वहीत टिपून घेतले आणि मग शांतपणे विचारले, "मग आपल्याकडचा आदिमानव राहत कुठे होता?"

ह्या प्रश्नाचे नीट उत्तर त्या वेळी आमच्यापाशी नव्हते. आम्ही साहित्याचे अध्यापक; मराठवाड्याच्या इतिहासाची आमची सुरुवात पैठणच्या सातवाहनांपासून होते आणि यादवांपाशी ती ओळखीची होते. त्यामागचे सगळे एका धूसर चित्रात गोळा झालेले असते: गुहेच्या तोंडाशी पेटलेला जाळ, अंगावर कातडे, हातात दगड. शाळेच्या पुस्तकातून हे चित्र आपल्या मनात उतरते आणि तिथेच राहते. परंतु परभणीच्या परिसरात त्या चित्राला टेकायला जागा नाही. आदिमानवाची हाडे आणि त्याची अवजारे एकत्र सापडावीत अशी गुहा ह्या जिल्ह्यात नाही. गुहा नाही म्हणून माणूसही नव्हता, असा अर्थ आपण नकळत काढतो. तो अर्थ चुकीचा आहे, एवढे सांगण्यासाठी हा लेख.

२

प्रथम खडकाविषयी. परभणी जिल्हा ज्या पाषाणावर वसला आहे तो लाव्हारसाचा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून बाहेर पडलेल्या लाव्ह्याचे थरावर थर साचत गेले आणि दख्खनचे पठार तयार झाले. हा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, पाण्यात विरघळत नाही. जगातील बहुतेक मोठ्या नैसर्गिक गुहा चुनखडकात आहेत, कारण पावसाचे किंचित आम्लयुक्त पाणी भेगांतून झिरपत त्या खडकाला शतकानुशतके विरघळवत राहते. चुनखडकाचा आणखी एक गुण असा की त्यातून पाझरणारा चुना हाडांना राखतो. म्हणजे एकच खडक गुहाही घडवतो आणि तिच्यातला ठेवाही सांभाळतो. आपल्या काळ्या पाषाणाला ह्यांतले काहीच जमत नाही. त्याला जमते ते निराळेच: तो छिन्नीला साथ देतो. भारतातील बहुसंख्य लेणी महाराष्ट्रात असण्यामागे हेही एक कारण आहे. गुहा मिळाल्या नाहीत म्हणून आपण त्या कोरल्या, असे गमतीने म्हणता येईल.

भारतात चुनखडकाच्या गुहा आहेत, पण त्या दूर. आंध्रातील कर्नूलजवळच्या बिल्लासुर्गम गुहांकडे एकोणिसाव्या शतकातच लक्ष वेधले गेले होते. भारतातील पुराश्मयुगाचा शोध ज्यांच्या नावावर आहे ते रॉबर्ट ब्रूस फूट आणि त्यांचा मुलगा हेन्री ह्यांनी १८८४ च्या सुमारास तिथे खोदकाम केले. आदिमानव सापडेल ही अपेक्षा त्यामागे होती. तिथे प्राण्यांची विपुल हाडे मिळाली. अपेक्षित आदिमानव मात्र मिळाला नाही. मध्य प्रदेशातील भीमबेटका हे विष्णू श्रीधर वाकणकरांनी १९५७ मध्ये उजेडात आणलेले स्थळ. तिथे वालुकाश्मातील प्रस्तरालये आहेत, लाखो वर्षांपूर्वीची अवजारे आहेत, चित्रे आहेत. पण त्या सर्वांत जुन्या अवजारांच्या कर्त्यांची हाडे नाहीत. आपल्या महाराष्ट्रातही अलीकडे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कोळोशी येथील नैसर्गिक गुहेत राज्याच्या पुरातत्त्व विभागाच्या उत्खननात दगडी अवजारे मिळाली आहेत. कोकणच्या सड्यांवरील कातळशिल्पे कोरणारी माणसे कुठे वावरत होती, ह्या प्रश्नाला त्यामुळे एक नवी दिशा मिळाली आहे. अवजारे आहेत, हाडे नाहीत, हीच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. तेव्हा परभणीची रिकामी बाजू ही एका जिल्ह्याची उणीव नसून जवळजवळ सगळ्या भारतीय प्रागितिहासाची स्थिती आहे.

३

मग 'गुहामानव' ही प्रतिमा आली कुठून? ती आली युरोपातून, आणि तिच्यामागे अपघातांची एक मालिका आहे. १८५६ मध्ये जर्मनीतील निआंडर खोऱ्यात चुनखडकाच्या खाणीत काम करणाऱ्या मजुरांना एका गुहेत काही हाडे सापडली. १८६८ मध्ये फ्रान्समध्ये क्रो-मॅन्यन येथील कपारीत मानवी सांगाडे मिळाले. १९२९ च्या डिसेंबरात चीनमधील चौकौत्येन येथील गुहेत 'पेकिंग मानवा'ची कवटी हाती लागली. तिन्ही ठिकाणी खडक चुनखडकच. ज्या ठिकाणी हाडे टिकली त्या ठिकाणी माणूस राहत होता, आणि तो तिथेच राहत होता, असा समज त्यातून दृढ झाला.

हा समज पुढच्या अभ्यासकांनी बराच ढिला केला आहे. चौकौत्येनच्या गुहेतील बरीचशी हाडे तरसांनी आत ओढून नेलेली असावीत, असे आता अनेकांचे मत आहे. दक्षिण आफ्रिकेत सी. के. ब्रेन ह्यांनी स्वार्टक्रान्सच्या गुहेतील हाडांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. तिथल्या एका पोराच्या कवटीवर दोन भोके होती, आणि त्यांच्यामधले अंतर बिबट्याच्या सुळ्यांशी जुळले. म्हणजे ज्याला आपण गुहेचा रहिवासी समजत होतो तो तिथे बिबट्याचे भक्ष्य म्हणून आलेला होता. गुहा हे घर होते की कोठार, आणि कोठार असेल तर कोणाचे, हे प्रत्येक वेळी नव्याने विचारावे लागते.

ह्याउलट एक उदाहरण आमच्या मुद्द्याला अधिक जवळचे आहे. आदिमानवाचा शोध घ्यायचाच ह्या निश्चयाने यूजीन द्युब्वा हा डच वैद्य १८८७ मध्ये सुमात्रा बेटावर गेला. त्याने आधी गुहाच धुंडाळल्या, कारण युरोपातल्या अनुभवावरून माणूस गुहेत सापडायला हवा होता. तिथे मनासारखे काही लाभले नाही. पुढे तो जावाला गेला आणि १८९१ मध्ये त्रिनिल गावाजवळ, सोलो नदीच्या काठच्या गाळात, त्याला ती प्रसिद्ध कवटी सापडली. ज्याला गुहांत शोधले तो नदीकाठी भेटला. गोदावरीच्या काठी राहणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

४

क्रो-मॅन्यनच्या सांगाड्यांनी युरोपला हलवले ते साल १८६८. योगायोग असा की त्याच वर्षी भारताच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाच्या नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात टॉमस ओल्डहॅम ह्यांचे एक छोटे टिपण प्रसिद्ध झाले. विषय होता ए. बी. विन ह्या भूवैज्ञानिकाला वरच्या गोदावरी खोऱ्यात, पैठणजवळच्या मुंगी येथे, गाळाच्या थरात मिळालेला अकीकाचा एक छिलका. टिपणाच्या शीर्षकात थराच्या वयापुढे प्रश्नचिन्ह आहे. ते प्रश्नचिन्ह आम्हांला फार प्रामाणिक वाटते. मद्रासजवळ पल्लावरम येथे फूट ह्यांना ३० मे १८६३ रोजी पहिले पुराश्मयुगीन अवजार मिळाले, त्याला तेव्हा पाचच वर्षे झाली होती. भारतात माणूस इतका जुना असू शकतो ही कल्पनाच नवी होती.

क्रो-मॅन्यन हे नाव घरोघरी पोचले. मुंगीचा छिलका तळटिपेत राहिला. एकीकडे चेहरा होता, दुसरीकडे दगडाचा तुकडा. चेहऱ्याकडे पाहून आपल्याला आपले कोणी भेटल्यासारखे वाटते, तुकडा मात्र वाचावा लागतो. आणि तो वाचता येतो. दगडावर नेमका आघात केला की निघणाऱ्या छिलक्यावर आघाताच्या जागेखाली एक छोटा फुगवटा उमटतो आणि त्यातून लहरींसारख्या वर्तुळाकार रेषा पसरतात. पुरात आपटून फुटणाऱ्या दगडावरही एखादी अशी खूण उमटू शकते. पण एकामागून एक, ठरलेल्या कोनातून, कडेला धार येईल अशा बेताने काढलेले छिलके पुराला जमत नाहीत. तिथे हात लागतो आणि हाताच्या आधी हेतू लागतो. साहित्याच्या विद्यार्थ्याला हे समजायला अवघड जाऊ नये: रचना आहे म्हणजे रचणारा आहे.

मुंगीनंतर गोदावरी बराच काळ प्राण्यांच्या जीवाश्मांसाठी ओळखली गेली. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वर येथे गोदेच्या गाळात मिळालेल्या एका अजस्र, आता नामशेष झालेल्या हत्तीच्या अवशेषांविषयी जी. ई. पिलग्रिम ह्यांनी १९०५ मध्ये लिहिले. माणसाच्या खुणांचा पद्धतशीर शोध मात्र डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलियांनी घेतला. गोदावरीच्या पुराश्मयुगीन अवजारांवरील त्यांचा ग्रंथ १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. पाठोपाठ १९५४ ते १९५६ ह्या काळात गोदावरीची उपनदी असलेल्या प्रवरेच्या काठी नेवाशाला उत्खनन झाले.

नेवासे म्हटले की आपल्याला पैस खांब आठवतो, ज्ञानेश्वरी आठवते, दुर्गा भागवतांचे 'पैस' आठवते. त्याच नेवाशाला मराठा काळापासून खाली उतरत जाता सातवाहन काळ, त्याखाली ताम्रपाषाणयुगातील शेतकऱ्यांची वस्ती, आणि नदीच्या जुन्या गाळात मध्य व आद्य पुराश्मयुगाची अवजारे अशी सहा कालखंडांची उतरंड लागली. १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालाचे नावच 'इतिहासाकडून प्रागितिहासाकडे' अशा अर्थाचे आहे. पुढे १९६६ ते १९६९ ह्या काळात गुडरुन कॉर्विनस ह्या जर्मन विदुषीने नेवाशाजवळच्या चिरकी नाल्यावर उत्खनन केले आणि हातकुऱ्हाडी, फरश्या, छिलके ह्यांनी भरलेला आद्य पुराश्मयुगाचा एक वावर उघडा केला. ज्या भूमीत मराठी भाषेचा पहिला मोठा ग्रंथ आकाराला आला असे परंपरा सांगते, तिथेच काही हात अंतरावर माणसाच्या हाताच्या कितीतरी आधीच्या रचना पुरलेल्या होत्या.

५

आता नदीबरोबर खाली येऊ. पैठण सोडून गोदावरी पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा ह्या तालुक्यांना स्पर्श करत जाते. पूर्णा नदी तिला ह्याच जिल्ह्यात येऊन मिळते. खडक तोच, नदी तीच, तळाशी गोट्यांचे आणि भरड वाळूचे थर, त्यांवर पिवळसर गाळ, आणि सर्वांवर आपली काळी माती. उन्हाळ्यात पात्र उघडे पडले की कापलेल्या काठात हे थर पुस्तकाच्या कडेसारखे दिसतात. त्यांतल्या चुन्याच्या कंकरांकडे आपण दुर्लक्ष करतो, पण बेसॉल्टच्या प्रदेशात हाडे राखण्याचे जे थोडेफार काम झाले आहे ते ह्याच चुन्याने केले आहे. दक्षिणेला, लातूर जिल्ह्यातील मांजरेच्या खोऱ्यात, गांजूर, हरवाडी, वांगदरी ह्या गावांच्या परिसरातील अशाच थरांतून हत्ती, रानबैल आणि पाणघोडा ह्यांचे जीवाश्म मिळाले आहेत. मांजरेच्या पाण्यात पाणघोडे डुंबत होते, हे वाक्य दुष्काळी बातम्या वाचणाऱ्या मराठवाड्याच्या माणसाला परीकथेसारखे वाटेल. ते खरे आहे, आणि ते आपल्याला सांगते की नदीला बारमाही खोल डोह होते, काठाला गवताळ कुरणे होती.

अशा प्रदेशात माणसाला गुहेची वाट पाहण्याचे कारण नव्हते. त्याला हवे होते पाणी, पाण्यावर येणारी जनावरे आणि धार देता येईल असा दगड. तिन्ही गोष्टी नदीकाठी एकत्र मिळत. आद्य पुराश्मयुगात मोठ्या हातकुऱ्हाडींसाठी बेसॉल्ट आणि त्याच जातीचा अधिक घट्ट पाषाण वापरला गेला. नंतरच्या काळात लहान, नाजूक अवजारांसाठी अकीक, गारगोटी, चकमकीचा दगड हे पसंतीस उतरले, आणि तेही लाव्ह्याच्या पोकळ्यांत व भेगांतच तयार झालेले असतात. ज्या पाषाणाने गुहा दिली नाही त्याने अवजार दिले. आणखी पुढे जळगाव जिल्ह्यातील पाटणे येथे शां. आ. साळी ह्यांनी १९७२-७३ मध्ये केलेल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि कोरीव रेषा असलेला कवचाचा तुकडा मिळाला. त्याचे वय सुमारे २५ हजार वर्षे ठरले. तिथेही वस्ती उघड्यावर, डोंगराच्या पायथ्याशी होती. उघड्यावर राहणारा माणूस केवळ पोटामागे लागलेला नव्हता; त्याला एका रेषेला दुसरी रेषा छेदलेली पाहायची होती.

६

आणि हाडे? ती सापडली, पण नर्मदेत. ५ डिसेंबर १९८२ रोजी भूवैज्ञानिक अरुण सोनकिया ह्यांना मध्य प्रदेशातील हथनोरा येथे नर्मदेच्या काठच्या गोट्यांच्या थरात मानवी कवटीचा उजवा अर्धा भाग मिळाला. एवढ्या जुन्या मानवाची भारतातील ही एकमेव कवटी. तीही गुहेत नव्हे, नदीच्या गाळात. तिला आधी 'होमो इरेक्टस'च्या कुळात बसवण्यात आले. पुढे केनेथ केनेडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती आद्य स्वरूपाच्या 'होमो सेपियन्स'ची मानली. तिच्या वयाचा वाद तर अजूनही मिटलेला नाही.

वादाचे दुसरे उदाहरण पुणे जिल्ह्यातील कुकडी नदीवरचे बोरी. तिथे ज्वालामुखीच्या राखेचा थर आणि त्याच्याशी संबंधित थरांत आद्य पुराश्मयुगाची अवजारे मिळाली. राखेचे वय प्रथम सुमारे १४ लाख वर्षे सांगण्यात आले, नंतर सुमारे ६ लाख ७० हजार. काही अभ्यासकांनी ती राख सुमात्रातील टोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची ठरवली. एकाच थरासाठी ७५ हजार ते १४ लाख! सामान्य वाचकाला हे हास्यास्पद वाटेल. आम्हांला ते तसे वाटत नाही. नदी आपले थर उकरते, वाहून नेते, पुन्हा मांडते; तिने लिहिलेला मजकूर प्रक्षेपांनी भरलेला असतो. पाठचिकित्सा शिकलेल्या माणसाला त्याची सवय असायला हवी. दरम्यान तमिळनाडूतील अत्तिरमपक्कम येथे शांती पप्पू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये आद्य पुराश्मयुगाचे वय सुमारे १५ लाख वर्षे मागे नेले. म्हणजे भारतीय उपखंडात दगड घडवणारा हात त्या काळी होताच. तो कोणत्या मानवकुळाचा, हे हाडांवाचून सांगता येत नाही, आणि अत्तिरमपक्कमलाही हाडे मिळालेली नाहीत.

इथे एक सावधगिरी नमूद करायला हवी. 'आपला आदिमानव' असे आपण प्रेमाने म्हणतो, परंतु दहा-बारा लाख वर्षांपूर्वी गोदाकाठी हातकुऱ्हाड घडवणारा जीव आपला थेट पूर्वज होता असे मानायला आधार नाही. आजच्या मानवाचे कूळ आफ्रिकेत सुमारे ३ लाख वर्षांपूर्वी आकाराला आले. इथे त्याआधी वावरणारे मानव कदाचित वेगळ्याच शाखेचे होते. तो मराठी नव्हता, भारतीय नव्हता, आपल्या अर्थाने कदाचित 'माणूस'ही नव्हता. प्राचीनतेचा अभिमान मिरवण्यासाठी तो आपल्या उपयोगाचा नाही. त्याच्याशी आपले नाते रक्ताचे असल्याची खात्री देता येत नाही. ते जागेचे आहे, हे मात्र नक्की. तो ज्या पाण्यावर वाकला त्याच पाण्यावर आपण वाकतो.

७

साहित्याच्या अभ्यासकांनी ह्या सगळ्यात लक्ष का घालावे, असा प्रश्न आमच्या काही मित्रांनी केला. आम्हांला वाटते, टिकणे आणि असणे ह्यांतला फरक आपल्यालाच सर्वाधिक भेडसावतो. महानुभावांचे ग्रंथ सांकेतिक लिपीत, मठांच्या बंदोबस्तात राहिले. विसाव्या शतकात ते जगासमोर आले तेव्हा मराठी गद्याचा इतिहासच नव्याने लिहावा लागला. ती आपल्या वाङ्मयाची चुनखडकाची गुहा होती. उलट गंगाखेडच्या जनाबाईचे अभंग पाहावेत. तिची स्वतंत्र पोथी नाही. तिची रचना नामदेवांच्या गाथेतून आणि लोकांच्या मुखातून आपल्यापर्यंत आली. त्यांतले तिचे किती आणि तिच्या नावावर नंतर जमा झालेले किती, ह्याचा निवाडा सोपा नाही. जात्यावरच्या ओव्या तर कोणाच्याच नावावर नाहीत. हे सारे नदीतले गोटे आहेत: वाहत आलेले, घासून गुळगुळीत झालेले, मूळ थरापासून सुटलेले. पण आघाताची खूण असलेला दगड जसा ओळखू येतो तशी काही ओवी वाचताच कळते की इथे कोणाचा तरी हात लागला आहे.

केवळ पोथ्यांवर उभा केलेला वाङ्मयेतिहास हा 'गुहामानवा'सारखा असतो. जे राखले गेले तेवढेच घडले, असे तो मानतो. दामोदर धर्मानंद कोसंबींनी १९६२ च्या आपल्या 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' ह्या ग्रंथात वेगळी वाट दाखवली होती. ते पुण्याच्या आसपास पायी फिरत, सूक्ष्मास्त्रे वेचत, देवीच्या शेंदरी तांदळ्यांपाशी थांबत, आणि पंढरीच्या वाटेकडेही प्रागितिहासाच्या नजरेने पाहत. गणितज्ञाने हे केले. साहित्याच्या प्राध्यापकाला गोदाकाठी चालत जायला हरकत नसावी.

८

चालत जाण्याची घाई एवढ्यासाठी की वाचायचा मजकूरच नाहीसा होत आहे. गोदावरी, पूर्णा, दुधना ह्यांच्या पात्रांतून वाळू उपसली जाते, हे परभणीत कोणाला सांगायला नको. वाळूबरोबर तिच्याखालचा गोट्यांचा थरही जातो, काठ ढासळतात, वीटभट्टीसाठी गाळाची माती निघते. बातम्या येतात त्या महसुलाच्या आणि मारामाऱ्यांच्या. गाडीत भरल्या जाणाऱ्या भरड खडीत एखादी हातकुऱ्हाड असेल आणि ती उद्या एखाद्या घराच्या स्लॅबमध्ये कायमची बसेल, हा विचार कोणाच्या मनात येत नाही. येणार तरी कसा? तसे काही तिथे असू शकते हे त्यांना कोणी सांगितलेलेच नाही. त्यांच्या पुस्तकातला आदिमानव गुहेत राहतो.

दगड उचलून घरी आणणे हा उपाय नव्हे. थरातून सुटलेले अवजार म्हणजे पोथीतून फाटलेले पान. सुंदर असेल, पण मागचा-पुढचा संदर्भ गेलेला. विद्यार्थ्यांनी काठावर जावे, थर पाहावेत, काही वेगळे दिसले तर ते जागेवरच ठेवून छायाचित्र घ्यावे, गाव, शिवार आणि थराची खोली टिपावी, आणि जाणकारांना कळवावे. डेक्कन कॉलेज आहे, राज्याचा पुरातत्त्व विभाग आहे. एवढे केले तरी पुष्कळ होईल. हस्तलिखिताचे पान न फाडता त्याची नोंद करणे हे आपण शिकवतोच. तीच शिस्त इथे लागते.

नेमगिरीच्या पायथ्याशी विचारलेल्या त्या प्रश्नाला आज आम्ही असे उत्तर देऊ: बाई, तो डोंगरातल्या अंधारात नव्हता. तू ज्या पुलावरून रोज महाविद्यालयात येतेस त्या पुलाखालच्या काठावर, उजेडात, पाण्याशेजारी होता. त्याचा चेहरा आपल्याला बहुधा कधीच दिसणार नाही. त्याच्या हाताची खूण मात्र तिथल्या थरांत असू शकते, जोवर ते थर जागेवर आहेत तोवर.